दांडा खाली, चाक जागीच

हँडब्रेकचा दांडा खाली टाकला आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझला, की ब्रेक सुटला असे बहुतेकांना वाटते. मग गाडी हलत नाही म्हटल्यावर क्लच, गिअर, इंजिन अशा सगळ्यांवर संशय जातो आणि शेवटी ॲक्सिलरेटर रेटला जातो. पण त्या दिव्याचा स्विच दांड्याच्या बुडाशी असतो, चाकापाशी नाही. दांडा खाली आला, एवढेच त्याला कळते. मागच्या चाकात काय चालले आहे याची त्याला गंधवार्ताही नसते.

दांडा आणि चाक यांना जोडते ती पोलादी तारांना पीळ देऊन केलेली केबल. तिची जात दोरीचीच. तिने ओढता येते, ढकलता येत नाही. म्हणजे ब्रेक लावतो तो आपला हात, तोही तरफेच्या जोरावर कित्येक पट ताकद मिळवून. ब्रेक सोडण्याच्या कामी मात्र हात निरुपयोगी. आपण फक्त ताण काढून घेतो. केबलला मागे खेचायचे काम चाकाजवळची स्प्रिंग एकटी करते. म्हणूनच कुरबुरणारी केबल लावताना फारशी जाणवत नाही, सोडताना दगा देते.

आता या केबलच्या वळणांकडे पाहू, कारण खरी गंमत तिथे आहे. नावाडी नावेचा दोर खुंटाला दोन वेढे देतो आणि एका हाताने जड नाव थोपवून धरतो. वेढा वाढला की घर्षण बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. आवरणातून वळत जाणाऱ्या केबललाही हाच नियम लागू. दांड्यापासून चाकापर्यंत तिची सगळी वळणे मिळून १८० अंश भरतात असे धरू. केबल स्वच्छ असेल, घर्षणांक (पृष्ठभाग एकमेकांना किती अडवतात याचे माप) ०.१ असेल, तर दांड्याच्या टोकाला उरलेला अडथळा चाकाच्या टोकाला सुमारे १.४ पट होऊन पोहोचतो. केबल गंजून घर्षणांक ०.४ झाला, तर तोच साडेतीन पट. म्हणजे दांड्याकडे १० न्यूटनचा अडथळा उरला असेल, तर स्प्रिंगला १४ ऐवजी ३५ न्यूटन लावावे लागतात. वळण आणखी ९० अंशांनी वाढवा, आकडा ६६ वर जातो. वळण लहान गोलाईचे की मोठ्या, याने या हिशेबात काही फरक पडत नाही. एकूण किती अंश वळले एवढेच मोजायचे. नवी केबल बसवताना जुन्या क्लिपा वाटेल तिथे अडकवून एक जास्तीचा बाक देणारा कारागीर नकळत, केबल गंजेल तेव्हाचे स्प्रिंगचे काम जवळजवळ दुप्पट करून ठेवतो.

या हिशेबात गंजाची खरी पकड मोजलेलीच नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा व्यापतो. बंद नळीत तो फुगला की तार चिमटीत सापडते, आणि ही पकड ताण काढला तरी सैल होत नाही. पाणी आत शिरते ते टोकाचे रबरी बूट (टोपणे) फाटले की, आणि साचते केबलच्या सर्वांत खालच्या झोळात.

ब्रेक अडकण्याची दुसरी जागा म्हणजे ड्रम, चाकाबरोबर फिरणारे पातेले. त्याच्या आत शू असतात, म्हणजे ब्रेक लावला की ड्रमवर दाबल्या जाणाऱ्या कमानी, आणि शूवर लायनरचा घासणारा थर. ड्रम बिडाचा असतो आणि त्यावर दाबून बसलेल्या लायनरमध्येही अनेकदा लोखंडाचे कण असतात. गाडी धुतली, ओलीच उभी केली, ब्रेक ओढून ठेवला, की दोन पृष्ठभागांमधला पाण्याचा पातळ थर सुकत नाही आणि दोघांना मिळून एकच गंज चढतो. अशा वेळी केबल सुटलेली असते, स्प्रिंग ओढत असते, पण शू चिकटलेला असतो.

तेव्हा आधी ठरवायचे, दोष कुठला. गाडी सपाट जागी घ्या आणि पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा. ब्रेक अचानक सुटला तर गाडी तुमच्या अंगावर येता कामा नये. फुटब्रेक दाबून दांडा एक दाता वर ओढा, म्हणजे दांडा जागी अडवणाऱ्या खटक्यावरचा भार उतरतो, मग बटण दाबून पूर्ण खाली टाका. असे चार-पाच वेळा करा. तरीही चाक धरलेलेच असेल तर मागची बाजू जॅकने उचलून स्टँडवर ठेवा (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका) आणि दोन्ही चाके हाताने फिरवून पाहा. आता केबल ॲडजस्टरचा नट सैल करा. तो दांड्याच्या बुडाशी किंवा एका केबलच्या दोन होतात त्या जोडापाशी असतो. केबल पूर्ण ढिली केल्यावर चाक सुटले, तर दोष केबलचा किंवा तिच्या ताणाचा. नाही सुटले, तर तो चाकात आहे.

चिकटलेल्या शूसाठी गाडी खाली घेऊन, ठोकळे काढून, आधी रिव्हर्समध्ये आणि मग पहिल्या गिअरमध्ये क्लच हलकेच सोडून हेलकावे द्या. ड्रमची फिरण्याची दिशा पुढचा शू ड्रमकडे ओढून घेते आणि पकड आणखी घट्ट होते. दिशा उलटली की तोच शू ड्रमपासून दूर लोटला जातो. तीन-चार प्रयत्न पुरेत. चाक जमिनीवर घासत चालले की थांबा, नाहीतर टायरला सपाट चट्टा पडतो किंवा लायनर शूपासून उपटून निघते. मग चाक काढून ड्रमच्या सपाट तोंडावर, बोल्टांच्या मधल्या भागात, लाकडी ठोकळा धरून हातोड्याने ठोका. कडेवर नको, बीड ठिसूळ असते, तुकडा उडतो. बऱ्याच ड्रमना दोन आटे पाडलेली भोके असतात. त्यांत योग्य मापाचे बोल्ट आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळत गेले की ड्रम स्वतःच बाहेर सरकतो.

इथे इंटरनेटवरच्या चमत्कारी स्प्रेबद्दल बोलायलाच हवे. गंज सोडवणारे तेल ड्रमच्या फटीत मारून ‘दोन मिनिटांत ब्रेक मोकळा’ करणारे व्हिडिओ भरपूर आहेत. ब्रेक मोकळा होतो खरा, पण लायनर ते तेल पिते आणि त्या चाकाचा ब्रेक कायमचा जातो. असे लायनर धुऊन परत येत नाही, बदलावेच लागते. ड्रममधली धूळही फुंकून किंवा हवेच्या दाबाने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसा. गंजलेल्या केबलमध्ये तेल सोडणे म्हणजे चार दिवसांची मुदत. आतले प्लास्टिकचे अस्तर गेलेले असते, केबल नवीच घाला.

मागे ड्रमऐवजी डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कला पॅडच्या चिमटीत धरणाऱ्या भागाच्या, पाठीवरची छोटी तरफ पाहा. केबल सैल केल्यावर ती आपल्या अटकावापर्यंत परत गेली पाहिजे. पकडीने ढकलावी लागली तर आतला दांडा जाम आहे. बटणाच्या इलेक्ट्रॉनिक ब्रेकमध्ये मोटर स्क्रू फिरवते आणि तो स्क्रू वीज नसतानाही उलटा फिरत नाही, म्हणून मरतुकडी बॅटरी हे तिथले पहिले संशयित. आधी तिला चार्ज करा. पॅड बदलायचे असतील तर गाडीच्या संगणकाला जोडायच्या स्कॅनरने सर्व्हिस मोड लावा, पिस्टन जबरदस्तीने मागे दाबू नका.

जुळवणी करताना क्रम चुकवू नका: आधी शूचा ॲडजस्टर, मग केबल. उलट केले की शू कायम थोडा घासत राहतो आणि चाक तापते. दांडा खाली असताना चाक मोकळे फिरावे, पहिल्या-दुसऱ्या दात्याला घासू लागावे आणि साधारण चार ते सात दात्यांत पूर्ण धरावे. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. मग दहा मिनिटे गाडी चालवून या आणि मागच्या दोन्ही चाकांजवळ, रिमला न टेकवता, हात धरा. एकीकडे ऊब जास्त लागली तर त्या बाजूची जुळवणी अजून थोडी ढिली व्हायला हवी.