पार्श्वभूमी : क्षयाच्या गोळ्या आणि रुग्णाचा दिवस

औषधे येण्यापूर्वी क्षयावर उपाय म्हणजे मिरजेसारख्या ठिकाणचे आरोग्यधाम, दूध-अंडी आणि घरच्यांपासून ताटातूट. मद्रासमध्ये १९५६ साली सुरू झालेल्या अभ्यासाने हे बदलले. काही रुग्णांना आरोग्यधामात, काहींना घरीच वर्षभर गोळ्या दिल्या. घरचे रुग्णही जवळपास तितकेच बरे झाले आणि त्यांच्यामुळे घरात लागण वाढल्याचेही दिसले नाही. रुग्णाला घर परत मिळाले. मात्र घरचे रुग्ण बेताच्या आहारावरही बरे झाले, या निष्कर्षाचा आधार घेऊन खाण्यापिण्याचा प्रश्न सरकारी कार्यक्रमाने बाजूला ठेवला, तो जवळपास साठ वर्षे.

गोळ्या कशा द्यायच्या, यावरचा खरा वाद १९९७ नंतरचा. अर्धवट सोडलेल्या कोर्समुळे जंतू औषधांना दाद देईनासे होतात, म्हणून डोस कुणाच्या तरी डोळ्यांदेखत गिळायचा, असे ठरले. रोज नजर ठेवायची तर माणसे हवीत, खर्च हवा. म्हणून डोस आठवड्यातून तीनदाच : सोम-बुध-शुक्र किंवा मंगळ-गुरू-शनि. प्रत्येक रुग्णाच्या नावाचा, पूर्ण कोर्सचा खोका आधीच बाजूला काढलेला असे. ही सोय खरोखरच चांगली होती, कारण मध्येच औषध संपले असे व्हायचे नाही.

पण पहिले दोन महिने दर डोसला केंद्रावर जाऊन, मोठ्या माणसाला एका दमात सात गोळ्या. मळमळ, सांधेदुखी, लालसर लघवी. केंद्र उघडेपर्यंत मजूर अड्डा रिकामा झालेला, म्हणजे त्या दिवसाची रोजी गेली. ओळखीचे कुणी पाहील म्हणून गल्लीतले केंद्र टाळून दूरच्या वस्तीत जाणारे होते. लग्न ठरायचे असलेल्या मुली तर हमखास. पूर्वी औषध घेतलेल्यांना वर दोन महिने इंजेक्शने. कार्यक्रमाचे उद्दिष्ट होते ८५ टक्के रुग्ण बरे करण्याचे. कोर्सच्या सहा महिन्यांत माणूस कसा जगला, याला तक्त्यात रकानाच नव्हता.

वैद्यकीय आक्षेपही होतेच. तीनदाच्या पद्धतीत आजार उलटण्याचा धोका रोजच्या डोसपेक्षा जास्त, हे पुढे येत गेले. आंतरराष्ट्रीय शिफारशी २०१० मध्येच रोजच्या डोसकडे झुकल्या. इथे मात्र प्रकरण जनहित याचिकेपर्यंत गेले. जानेवारी २०१७ मध्ये न्यायालयाने मुदत घालून दिली आणि त्या वर्षअखेरीस देशभर रोजच्या, वजनानुसार ठरणाऱ्या, अनेक औषधे एकाच गोळीत असलेल्या गोळ्या सुरू झाल्या. गोळ्या घरी आल्या. नजर ठेवायला, गोळी काढल्यावर पाकिटावर दिसणारा लपलेला नंबर आणि त्यावर रुग्णाने दिलेला मिस्ड कॉल पुरू लागला. एवढ्यासाठी वीस वर्षे का लागावीत, याचे पटणारे उत्तर कधी मिळाले नाही.

औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे हाल याहून वाईट. दोन वर्षांचा कोर्स, त्यात किमान सहा महिने जवळपास रोज सुई. त्या सुईने अनेकांची श्रवणशक्ती कायमची गेली. दुसऱ्या एका गोळीने काहींना भास होत, नैराश्य येई, पण मानसोपचाराची जोड क्वचितच. तोंडाने घ्यायच्या नव्या औषधांनी सुई हळूहळू मागे पडली आणि २०२४ मध्ये सहा महिन्यांच्या कोर्सलाही परवानगी मिळाली.

आहाराचा प्रश्न परतला तो एप्रिल २०१८ मध्ये, महिन्याला ५०० रुपये होऊन; नोव्हेंबर २०२४ पासून १,०००. झारखंडमधल्या अभ्यासाने २०२३ मध्ये दाखवून दिले, की शिधा दिल्यास घरातल्या इतरांना क्षय होण्याचे प्रमाणही बरेच घटते. रुग्णांचे वजन वाढले, कामावर परतणे सोपे झाले.

कोर्स संपल्यावर दोन वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी तपासणी करायची, असे आता नियमात आहे. ती मुख्यतः आजार उलटला का हे पाहण्यासाठी. फुफ्फुसावर वण राहून जिना चढताना लागणारी धाप, ओझे उचलायचे काम सुटणे, यांची दाद लावून घ्यायला रुग्णाला अजूनही वेगळी ओपीडीच शोधावी लागते.