कुमार अल्पाइन स्की-शर्यत : श्रेणी व बढती

अल्पाइन स्की-शर्यतीत क्लबाच्या बालस्पर्धांपासून विश्वचषकापर्यंत (वर्ल्ड कप) खेळाडू ज्या टप्प्यांनी चढत जातो, त्यांचा विचार या नोंदीत केला आहे. स्लॅलम, जायंट स्लॅलम, सुपर-जी आणि डाउनहिल हे शर्यतीचे चार मुख्य प्रकार. पहिले दोन तंत्राचे, पुढचे दोन वेगाचे मानले जातात. वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत खेळाडूचा गट जन्मवर्षावरून ठरतो. त्यानंतर त्याचे स्थान गुणांवरून ठरते, आणि खरी चढाई तिथून सुरू होते.

मुले शर्यत शिकतात ती स्लॅलमच्या खांबांमधून, म्हणून या प्रकाराच्या उगमाचा वाद इथे थोडा पाहावा लागतो. ‘स्लॅलम’ हा शब्द नॉर्वेतील टेलेमार्क भागातला. ‘स्ला’ म्हणजे हलका उतार आणि ‘लोम’ म्हणजे बर्फातली वाट, अशी त्याची व्युत्पत्ती दिली जाते. मात्र खांब रोवून घेतलेल्या आधुनिक शर्यतीचा मान कोणाचा, यावर एकमत नाही. ऑस्ट्रियन परंपरा तो माथियास झ्डार्स्कीला देते. त्याने १९ मार्च १९०५ रोजी लिलिएनफेल्डजवळच्या मुकेनकोगेल डोंगरावर ८५ गेटांची (खांबांनी आखलेल्या दारांची) शर्यत घेतली व तीत २४ जण उतरले. ब्रिटिश परंपरेचे बोट आर्नल्ड लन याने १९२२ मध्ये स्वित्झर्लंडमधील म्यूरेन येथे घेतलेल्या स्लॅलमकडे जाते. आधीच्या स्लॅलममध्ये वळणाची ढब पाहून गुण दिले जात; वळण कसे का घेईना, घड्याळ सांगेल तो पहिला, हे आपण रूढ केले, असा लनचा दावा होता. कालक्रमाने झ्डार्स्की आधीचा हे उघड आहे. तरीही आजची कुमार शर्यत केवळ वेळेवर मोजली जाते हे ध्यानात घेता, तिचा थेट वंश म्यूरेनपाशी जोडणे अधिक सयुक्तिक वाटते. आंतरराष्ट्रीय स्की महासंघ (फिस) १९२४ मध्ये शामोनी येथे स्थापन झाला. अल्पाइन प्रकारांना त्याने १९३० मध्ये मान्यता दिली आणि पहिले जागतिक अजिंक्यपद १९३१ मध्ये म्यूरेनलाच भरले.

हंगाम ज्या वर्षी सुरू होतो, त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला खेळाडूचे वय किती, यावर गट ठरतो. १० व १२ वर्षांखालील मुलांच्या शर्यती क्लब किंवा प्रांत पातळीवरच राहतात. आंतरराष्ट्रीय बालस्पर्धा १४ व १६ वर्षांखालील या दोन गटांनाच खुल्या आहेत. इटलीतील त्रोफेओ तोपोलिनो ही त्यांतली सर्वांत नावाजलेली. १९९९ मध्ये तिची स्लॅलम जिंकणारी अमेरिकेची लिंडसी किल्डो पुढे लिंडसी वॉन या नावाने प्रसिद्धीस आली. बालगटात डाउनहिल घेतली जात नाही. साहित्यही वेगळे असते. अगदी लहान मुलांसाठी उंच खांबाऐवजी गुडघ्याइतका आखूड खांब लावतात, कारण खांब नडगीने व मुठीने आडवा पाडत जाण्याचे तंत्र त्यांच्याकडून एवढ्यात अपेक्षित नसते. जायंट स्लॅलमच्या स्कीची वळणत्रिज्या (स्की आपल्या आकारामुळे ज्या वर्तुळात वळते त्याची त्रिज्या) बालगटात किमान १७ मी. असली तरी चालते, तर वरच्या गटात ती किमान ३० मी. लागते. म्हणजे कालपर्यंत आपणहून वळणारी स्की आज अंगाच्या ताकदीने वळवावी लागते. पंधरा-सोळाव्या वर्षी या एका बदलाने भल्याभल्या बालविजेत्यांची लय बिघडते.

जन्मवर्षाची सीमारेषा वाटते तितकी निरुपद्रवी नाही. जानेवारीत जन्मलेले आणि डिसेंबरात जन्मलेले मूल एकाच गटात उतरते, त्यामुळे वयात येण्याच्या काळात जवळजवळ एका वर्षाच्या वाढीचा फरक पडतो. निवड झालेल्या कुमारांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचे प्रमाण अधिक असते, असे इन्सब्रुक येथील क्रीडासंशोधकांना वारंवार आढळले आहे. नॉर्वेने याबाबत सावध धोरण ठेवले आहे. तेथे अकराव्या वर्षाआधी क्रमवारी लावत नाहीत आणि तेराव्या वर्षाआधी राष्ट्रीय अजिंक्यपद घेत नाहीत. या देशाचे अल्पाइन यश पाहता, लवकर निवडीचा आग्रह धरणाऱ्यांना उत्तर देणे अवघड जाते.

सोळाव्या वर्षी खेळाडू फिसच्या शर्यतींत येतो. येथे वरची वयोमर्यादा नाही. सोळा वर्षांची मुलगी आणि दुखापतीतून परतलेली विश्वचषकाची खेळाडू एकाच यादीत असू शकतात. गुणपद्धती उलटी आहे : जितके गुण कमी तितका खेळाडू श्रेष्ठ, आणि शून्य हे शिखर. नवख्याकडे गुणच नसतात, म्हणून तो यादीच्या शेवटी जातो.

एका शर्यतीचे गुण दोन भागांनी बनतात. पहिला भाग विजेत्याच्या वेळेशी असलेल्या अंतराचा. खेळाडूच्या वेळेला विजेत्याच्या वेळेने भागून त्यातून एक वजा करतात आणि उरलेल्याला त्या प्रकारच्या गुणकाने गुणतात. अलीकडच्या हंगामांत हा गुणक स्लॅलमसाठी ७३०, जायंट स्लॅलमसाठी १०१०, सुपर-जीसाठी ११९० व डाउनहिलसाठी १२५० असा राहिला आहे. विजेत्याला १०० सेकंद व आपल्याला १०३ सेकंद लागले, तर स्लॅलममध्ये २१.९ आणि डाउनहिलमध्ये ३७.५ गुण होतात.

दुसरा भाग शर्यतीच्या दर्जाचा. त्याला ‘पेनल्टी’ म्हणतात, पण ती शिक्षा नव्हे. ती सर्वांच्या गुणांत सारखीच मिळवली जाते. पहिल्या दहांत आलेल्यांपैकी सर्वोत्तम पाच जणांच्या फिस गुणयादीतील गुणांची बेरीज घ्यायची, तीत सुरुवात करणाऱ्यांतील सर्वोत्तम पाच जणांची बेरीज मिळवायची, पहिल्या बेरजेत धरलेल्या पाच जणांनी त्या दिवशी कमावलेले शर्यतगुण (वेळेच्या अंतराचे गुण) वजा करायचे आणि दहाने भागायचे. समजा, पहिली बेरीज १३५, दुसरी ११६ आणि वजा करायचे गुण २१. तर पेनल्टी २३. त्या दिवशी विजेत्याच्या नावावर २३ गुण लागतात आणि वरच्या स्लॅलमपटूच्या नावावर ४४.९. आपण कितीही सफाईने उतरलो तरी आसपास चांगल्या गुणांचे खेळाडू नसतील, तर हाती फारसे लागत नाही. म्हणूनच प्रशिक्षक हंगामाची आखणी करताना उताराइतकीच प्रवेशयादीही न्याहाळतात. यादीत बाराव्या क्रमांकावरचा खेळाडू आजारी पडला की मुक्काम बदलायचा का, अशी चर्चा रात्री उशिरापर्यंत चालते. गेल्या बारा महिन्यांतील दोन सर्वोत्तम निकालांची सरासरी हे त्या प्रकारातले खेळाडूचे गुण. एकच निकाल हाती असेल तर त्यात वाढ धरली जाते.

गुण कमी करण्याचा मार्ग पुन्हा गुणांवरूनच जातो, आणि नवख्याची खरी अडचण ही आहे. पहिल्या फेरीत सर्वोत्तम पंधरा जणांची चिठ्ठी काढतात. बाकीचे गुणांच्या क्रमाने सुटतात. सत्त्याऐंशीव्या क्रमांकावर सुटणाऱ्या मुलापर्यंत प्रत्येक गेटभोवती खोल चर पडलेला असतो. सकाळी पाहणी करताना त्याने जी रेघ मनात बांधली होती, ती आता बर्फावर उरलेली नसते. चरात स्की घालावी तर ती फेकली जाते, बाहेरून जावे तर वेळ जातो. दुसऱ्या फेरीत मात्र पहिले तीस उलट्या क्रमाने सुटतात. तिसावा आलेला ताज्या बर्फावर सर्वांत आधी उतरतो आणि अनेकांची पहिली मोठी गुणघट अशाच उतरणीत होते.

फिस शर्यतींच्या वर खंडीय चषक आहेत : युरोप, उत्तर अमेरिका, दक्षिण अमेरिका, अतिपूर्व आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड. यांत १९७१-७२ पासून चाललेला युरोपीय चषक सर्वांत कठीण मानला जातो. खंडीय चषकात प्रकारवार आघाडीवर राहणाऱ्यांना पुढच्या हंगामात विश्वचषकात स्वतःच्या नावाची जागा मिळते. एरवी तिथे उतरण्यासाठी त्या प्रकारात साधारणतः ८० किंवा त्याहून कमी गुण आणि देशाच्या कोट्यात जागा, दोन्ही लागतात. ऑस्ट्रियासारख्या देशात दुसरी अट पहिलीपेक्षा अवघड असते. जागतिक कनिष्ठ अजिंक्यपद १९८२ मध्ये फ्रान्समधील ओरों येथे सुरू झाले. त्याचा विजेता आपल्या प्रकारात विश्वचषकाच्या अंतिम शर्यतीला पात्र ठरतो. ऑस्ट्रियाचा मार्सेल हिर्शर याच वाटेने वर आला.

वेगाने वर गेलेल्यांचे ठळक उदाहरण अमेरिकेच्या मिकेला शिफ्रिनचे. ती ११ मार्च २०११ रोजी, सोळावा वाढदिवस दोन दिवसांवर असताना, चेकियातील श्पिंडलेरूव म्लिन येथे विश्वचषकात उतरली. तेव्हा फिस शर्यतींच्या किमान वयाची अट आजच्यापेक्षा एका वर्षाने सैल होती. २० डिसेंबर २०१२ रोजी तिने स्वीडनमधील ओरे येथे पहिली विश्वचषक शर्यत जिंकली आणि २०१४ मध्ये सोची येथे अठराव्या वर्षी स्लॅलमचे ऑलिंपिक सुवर्ण मिळवले. तिच्यावरून इतरांच्या वेळापत्रकाचा अंदाज बांधू नये.

शिक्षण व शर्यत यांची सांगड घालणाऱ्या शाळांत ऑस्ट्रियातील श्टाम्स (१९६७) आणि अमेरिकेत व्हरमाँटमधील बर्क माउंटन अकादमी (१९७०) प्रसिद्ध आहेत. शिफ्रिन बर्कची विद्यार्थिनी. राष्ट्रीय संघात जागा न मिळालेल्यांना अमेरिकेत विद्यापीठीय शर्यतींचा मार्ग उरतो. त्यांचे अजिंक्यपद १९५४ पासून होते, आणि १९८३ पासून पुरुष व स्त्रियांचे गुण एकाच संघाच्या खात्यात जमा होतात.