इलेक्ट्रोपॉप द्वयी

सिंथेसायझर (विजेवर स्वर निर्माण करणारे वाद्य), सीक्वेन्सर (ठरवून दिलेले स्वर आपोआप वाजवणारे यंत्र) आणि ड्रम मशीन यांच्या आधारे दोघांनीच चालवलेला पॉप संगीताचा संच. बहुधा एक जण गातो व दुसरा यंत्रे सांभाळतो. यांतले बरेच संच स्वतःच्या किंवा छोट्या स्वतंत्र लेबलवरून तबकड्या काढत आले असून त्यांचा पहिला श्रोता भूमिगत नृत्यवर्तुळात सापडतो. ‘भूमिगत’ याचा अर्थ येथे बेकायदा असा नाही. मोठ्या कंपन्या आणि रेडिओ यांच्याबाहेर, डीजे व क्लब यांच्या बळावर चालणारे संगीतव्यवहार त्यात येतात. ‘इलेक्ट्रोपॉप’ऐवजी ‘सिंथपॉप’ ही संज्ञाही पुष्कळदा वापरतात.

या प्रकाराचा उगम कोठे धरावा, याविषयी एकमत नाही. काही अभ्यासक न्यूयॉर्कच्या सिल्व्हर ॲपल्सपर्यंत मागे जातात. सिमियन कॉक्स ऑसिलेटरांची (विद्युत कंपनांतून स्वर काढणाऱ्या उपकरणांची) जुळणी हात, कोपर व पाय यांनी वाजवत आणि डॅनी टेलर ड्रम वाजवत. त्यांचा पहिला अल्बम १९६८ चा. त्याच शहरात १९७० च्या सुमारास ॲलन व्हेगा व मार्टिन रेव्ह यांनी सुइसाइड हा संच उभा केला, पण त्यांचा पहिला अल्बम १९७७ मध्ये आला. दुसरा पक्ष ड्युसेलडॉर्फच्या क्राफ्टवेर्कला मूळपुरुष मानतो. राल्फ ह्यूटर व फ्लोरियान श्नायडर यांनी १९७० मध्ये तो स्थापन केला; १९७३ चा त्यांचा अल्बम या दोघांच्याच नावांचा आहे, पुढे मात्र संच चौघांचा झाला. तिसरे मत डिस्कोकडे बोट दाखवते. जॉर्जो मोरोडर व पीट बेलॉट यांनी १९७७ मध्ये म्युनिकला डोना समरसाठी केलेल्या ‘आय फील लव्ह’ या गाण्यात बासची (खर्जाची) ओळ मूग सिंथेसायझरवर बांधली होती आणि विलंबयंत्राने तिचा प्रत्येक स्वर दुणावला होता. पायाच्या ढोलाचा ठोका मात्र कीथ फोर्सी यांनी प्रत्यक्ष वाजवला, कारण मूगमधून तो समाधानकारक निघेना.

कालक्रम पाहिला तर पहिल्या मताला नकार देता येत नाही. तरीही सिल्व्हर ॲपल्सची परंपरा लगेच पुढे चालली नाही, आणि नाचणाऱ्या श्रोत्याशी तिचे नाते पातळच राहिले. द्वयी हा रूढ साचा १९७७ ते १९८१ च्या दरम्यान, यंत्र आणि नृत्यमंच यांच्या भेटीतून घडला, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

त्यामागे तांत्रिक कारण होते. १९७० च्या दशकाअखेर कॉर्ग एमएस-२० (१९७८) सारखे तुलनेने स्वस्त सिंथेसायझर आले. १९८१ मध्ये डीएएफ हा जर्मन संच रॉबर्ट ग्यॉर्ल व गाबी डेल्गादो-लोपेझ या दोघांपुरता उरला. सीक्वेन्सर बासची ओळ अखंड फिरवत ठेवी, ग्यॉर्ल तिच्यावर खरे ड्रम वाजवत, आणि बासवादकाची जागा रिकामी आहे असे कोणाला वाटत नसे. मात्र यंत्रे एका तालात बांधणे जिकिरीचे होते. रोलँडच्या टीआर-८०८ (१९८०) सारख्या यंत्रांत तालाच्या प्रत्येक ठोक्यामागे (क्वार्टर नोट) २४ विद्युत स्पंद पाठवून ताल जुळवत. कॉर्गचे प्रमाण ४८ स्पंदांचे होते, त्यामुळे दोन कंपन्यांची यंत्रे सरळ जोडता येत नसत. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील नॅम या वाद्यव्यापाराच्या प्रदर्शनात प्रॉफेट-६०० व ज्युपिटर-६ हे वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एकमेकांना जोडून दाखवण्यात आले. ‘मिडी’ या समाईक प्रणालीचे हे पहिले जाहीर प्रात्यक्षिक. सेकंदाला ३१,२५० बिट वाहणाऱ्या एका केबलवर १६ वाहिन्या चालू लागल्या, आणि घरच्या खोलीत दोघांना पूर्ण वाद्यवृंद उभा करता येऊ लागला.

लीड्सचा सॉफ्ट सेल हा याचा ठळक नमुना. मार्क ॲल्मंड व डेव्ह बॉल यांनी १९८० मध्ये बॉल यांच्या आईकडून उसने पैसे घेऊन पहिली तबकडी स्वतः काढली. १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेले त्यांचे ‘टेंटेड लव्ह’ हे ग्लोरिया जोन्स यांचे १९६० च्या दशकातील गाणे होते. ते विस्मरणात गेले नाही याचे श्रेय उत्तर इंग्लंडमधील नॉर्दर्न सोल क्लबांचे, म्हणजे जुन्या अमेरिकी सोल संगीताच्या तबकड्यांवर नाचणाऱ्या क्लबांचे. भूमिगत नृत्यवर्तुळाने जपलेले गाणे यंत्रांवर चढून घराघरांत पोहोचले. पेट शॉप बॉइजचे ‘वेस्ट एंड गर्ल्स’ही १९८४ मध्ये न्यूयॉर्कचे नृत्यसंगीत निर्माते बॉबी ऑर्लांडो यांच्यासोबत ध्वनिमुद्रित होऊन आधी क्लबांत वाजले, पुन्हा केलेली आवृत्ती जानेवारी १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये अग्रस्थानी आली. डेट्रॉइटमध्ये हुआन ॲटकिन्स व रिचर्ड डेव्हिस यांच्या सायबोट्रॉनने १९८१ मध्ये स्वतःच्या लेबलवर पहिली तबकडी काढली. टेक्नो या यांत्रिक नृत्यसंगीताच्या उगमाचा विचार या द्वयीला वगळून होऊ शकत नाही, आणि पॉपच्या इतिहासांत तिला मिळणारी जागा तिच्या योग्यतेपेक्षा फारच कमी आहे.

नृत्यवर्तुळ वाढले तसे त्यावर निर्बंधही आले. ब्रिटनच्या १९९४ च्या फौजदारी न्याय व सार्वजनिक सुव्यवस्था कायद्यात रात्रीच्या खुल्या मेळाव्यांतील संगीताचे वर्णन मुख्यतः ‘पुनरावृत्त ठोक्यांच्या मालिकेचे’ असे केले गेले. त्याला उत्तर म्हणून पॉपपासून दूर गेलेल्या ऑटेकर या द्वयीने त्याच वर्षी ‘फ्लटर’ ही रचना अशी बांधली की तिच्यात ठोक्यांची कोणतीही दोन आवर्तने सारखी येऊ नयेत.

२००० च्या सुमारास ‘इलेक्ट्रोक्लॅश’ नावाने जुना साचा परतला. फ्रान्समधील मिस किटन व द हॅकर, डेट्रॉइटमधील ॲडल्ट ही त्यातील प्रमुख द्वयी. स्वीडनच्या कारिन व ओलोफ ड्रायर या भावंडांच्या द नाइफने स्वतःचे लेबल चालवले. त्यांचा ‘सायलेंट शाउट’ हा अल्बम २००६ चा.