दोन सिगारेटींमधील अंतर

रोनाल्ड फिशर हे विसाव्या शतकातील थोर संख्याशास्त्रज्ञ, आणि स्वतः पाइप ओढणारे. धूम्रपानामुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो, हा निष्कर्ष घाईचा आहे, असे त्यांनी १९५८ मध्ये लिहिले. कदाचित एखादे जनुकच माणसाला सिगारेटकडे ओढत असेल आणि तेच पुढे कर्करोगालाही कारण होत असेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यासाठी त्यांनी जुळ्यांची आकडेवारी दाखवली: एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांच्या सवयी इतर जुळ्यांपेक्षा अधिक मिळत्याजुळत्या होत्या. कर्करोगाबाबत ते साफ चुकले, कारण सिगारेट सोडल्यावर हा धोका वर्षागणिक कमी होत जातो आणि व्यसन सुटले म्हणून कोणाची जनुके बदलत नाहीत. (त्या काळात ते तंबाखू उद्योगाचे सल्लागारही होते, हे विसरता येत नाही.) तरीही या सवयीत आनुवंशिकतेचा वाटा असतो, हे त्यांचे निरीक्षण मात्र टिकले.

हा वाटा सर्वांत स्पष्ट दिसतो तो मेंदूत नव्हे, यकृतात. धुरातले निकोटीन काही सेकंदांतच मेंदूपर्यंत पोहोचते आणि नंतर यकृत त्याची विल्हेवाट लावू लागते; सुमारे दोन तासांत रक्तातले त्याचे प्रमाण निम्मे होते. शरीरात गेलेल्या निकोटीनपैकी ७० ते ८० टक्के निकोटीनचे कोटिनिन या पदार्थात रूपांतर होते आणि हे काम मुख्यतः सीवायपी२ए६ नावाचे विकर (एन्झाइम) करते. ज्याच्या शरीरात हे विकर जोमाने काम करते, त्याच्या रक्तातले निकोटीन लवकर ओसरते, अस्वस्थता लवकर सुरू होते आणि हात पुन्हा पाकिटाकडे जातो. विकर मंद असेल, तर तीच एक सिगारेट अधिक वेळ पुरते. दोन सिगारेटींमधले अंतर माणूस आपल्या मर्जीने ठरवतो असे त्याला वाटते खरे, पण त्या मर्जीमागे यकृताचे घड्याळ चालू असते.

हे विकर बनवणारे जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे आणि त्याची किती तरी रूपे आढळतात. त्यांतल्या एका प्रकारात तर संपूर्ण जनुकच गहाळ असते. युरोपीय वंशाच्या लोकांत अशी प्रत शंभरात जेमतेम एक सापडते, तर जपानी लोकांत साधारण पाचात एक. म्हणजे तिथे दर पंचवीस माणसांत एकाकडे हे जनुक दोन्ही गुणसूत्रांवर नसते. आफ्रिकी वंशाच्या लोकांत विकर मंद करणारी रूपे आहेत, पण ती वेगळी आहेत. मंद विकर असलेले लोक सरासरीने कमी सिगारेटी ओढतात, हे अनेक लोकसमूहांत दिसून आले आहे.

यावरून जपानमध्ये धूम्रपान मुळातच कमी असणार, असा तर्क कोणी केला, तर इतिहास त्याला साथ देत नाही. १९६० च्या दशकाच्या मध्यावर तिथले ८० टक्क्यांहून अधिक पुरुष सिगारेट ओढत होते. आज ते प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आले आहे. दोन पिढ्यांत जनुके एवढी बदलत नाहीत. पहिली सिगारेट हाती येते ती मित्रांमुळे, जाहिरातींमुळे, किमतीमुळे. रोजच्या सिगारेटींची संख्या ठरताना मात्र जनुके अधिक बोलू लागतात.

मेंदूतली गोष्ट २००८ मध्ये पुढे आली. तीन वेगवेगळ्या संशोधक गटांची बोटे पंधराव्या गुणसूत्रावरच्या एकाच जागेकडे वळली. तिथले सीएचआरएनए५ हे जनुक, निकोटीन ज्याला चिकटते त्या ग्राही प्रथिनाचा एक भाग बनवते. या भागातल्या ३९८ व्या स्थानावर अ‍ॅस्पार्टिक आम्लाऐवजी अ‍ॅस्पॅराजिन आले की ग्राहीचा प्रतिसाद दुबळा होतो. प्रतिसाद दुबळा, मग ओढ कमी व्हायला हवी. घडते मात्र उलटेच. हा भाग नसलेल्या उंदरांवरच्या प्रयोगांतून त्याचा उलगडा झाला: निकोटीनची मात्रा फार वाढली की साधे उंदीर थांबतात, हे उंदीर घेतच राहतात. म्हणजे या भागाचे काम सुख देण्याचे नसून ‘आता पुरे’ असे सांगण्याचे आहे. बदललेल्या रूपाची प्रत्येक प्रत दिवसाला साधारण एका सिगारेटीची भर घालते. युरोपीय वंशात सुमारे एक तृतीयांश प्रती या रूपाच्या आहेत. पूर्व आशियाई आणि आफ्रिकी वंशांत ते फारच विरळ आहे.

सिगारेटी मोजणे हे मापही फसवे असते. अमेरिकेतले आफ्रिकी वंशाचे लोक गोऱ्या लोकांपेक्षा सरासरीने कमी सिगारेटी ओढतात, पण एका सिगारेटीतून अधिक निकोटीन घेतात. झुरका किती खोल घेतला हे पाकीट सांगत नाही. हवाई आणि लॉस एंजेलिसमधील बहुवांशिक पाहणीत दिवसाला दहापर्यंत सिगारेटी ओढणाऱ्यांमध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांना आणि मूळच्या हवाईवासीयांना फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका इतरांहून अधिक आढळला.

२०२२ मध्ये सुमारे ३४ लाख लोकांच्या जनुकीय माहितीचे विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात साधारण पंचमांश लोक युरोपबाहेरच्या वंशांचे होते, आणि या विषयात तेवढेही पूर्वी नव्हते. बहुतेक जनुकीय बदलांचा परिणाम सर्व वंशांत जवळपास सारखाच आढळला. तरीही युरोपीय माहितीवर बेतलेले जोखमीचे गुणांकन, म्हणजे अशा अनेक बदलांची बेरीज करून काढलेला सवयीचा अंदाज, इतर वंशांत बरेच अधू ठरले. कारण असे गुणांकन पुष्कळदा मूळ बदल न मोजता गुणसूत्रावर त्याच्या शेजारी असलेली, सहसा त्याच्याबरोबरच वारशाने येणारी खूण मोजते आणि ही शेजारसोबत प्रत्येक वंशात वेगळी असते. आफ्रिकी वंशांत तर ती सर्वांत लवकर तुटते.

म्हणूनच सिगारेट सोडवण्याच्या उपचाराच्या वेळी वंश विचारण्यापेक्षा रक्त तपासणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. कोटिनिन आणि त्यापासून पुढे तयार होणारा पदार्थ यांच्या गुणोत्तरावरून निकोटीनच्या विघटनाचा वेग कळतो. २०१५ च्या एका चाचणीत १,२४६ जणांची अशी विभागणी केली गेली. सामान्य वेगाच्या लोकांना निकोटीनच्या पट्टीपेक्षा व्हॅरेनिक्लीन हे औषध अधिक उपयोगी पडले; मंद वेगाच्या लोकांत दोन्हींचा गुण जवळपास सारखाच आला, औषधाचा त्रास मात्र त्यांना अधिक झाला.