ठिपका की टवका?

१८६२च्या रुपयावर तारखेखाली बारीकसा उंचवटा दिसला, की दोन संग्राहक लगेच दोन बाजूंना होतात. एक म्हणतो, हा टांकसाळीने मुद्दाम दिलेला ठिपका. दुसरा म्हणतो, ठशाचा, म्हणजे नाण्यावर छाप पाडणाऱ्या साच्याचा टवका उडालाय आणि त्या खड्ड्यात धातू भरून हा उंचवटा आलाय. भावात फरक पडतो म्हणून आवाज चढतात. पण भाव बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतोच. ठशाला झालेली इजा ही टांकसाळीची चूक म्हणायची, नाण्याचा वेगळा प्रकार म्हणायचा, की ठशाच्या आयुष्यातला एक टप्पा?

हातठशाच्या काळात या वादाला जागाच नव्हती. शिवराई घ्या. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे दोन ओळींत ‘छत्र पति’. १६७४च्या राज्याभिषेकाच्या सुमारास सुरू झालेलं हे तांब्याचं नाणं पुढे दीड शतक ठिकठिकाणच्या टांकसाळींतून पडत राहिलं. प्रत्येक ठसा हाताने कोरलेला. त्यामुळे कुठे ‘शिव’, कुठे ‘सिव’, कुठे वेलांटी दीर्घ, तर कुठे एखादं अक्षर आरशातल्यासारखं उलटं. खालचा ठसा ऐरणीत बसवलेला आणि वरचा हातात धरलेला. घणाचा घाव थेट वरच्यावर पडायचा, म्हणून तडाही आधी त्यालाच जायचा. तडा गेला म्हणून काम थांबत नसे. ठसा चालेल तोवर चालवायचा, हीच रीत. शिवराईवरच्या ‘व’ची गाठ पुष्कळदा गच्च भरलेली दिसते. त्याला झीज म्हणून सोडून देऊ नका. ठशात अक्षर खोल कोरलेलं असतं, त्यामुळे गाठीच्या पोटात धातूचा एक इवलासा खुंट उभा राहतो. तो नाजूक असतो. तो तुटला, की त्या जागी नाण्याचा धातू घुसतो आणि गाठ बुजते.

जिथे प्रत्येक ठसा वेगळाच होता, तिथे ‘एरर’ या शब्दाला फारसा अर्थ नव्हता. तो अर्थ आला सारखेपणामुळे. मुंबईत वाफेच्या यंत्रांवर चालणारी टांकसाळ १८२९ साली उभी राहिली. १८३५च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या सगळ्या मुलखात १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया लागू झाला. आता एका मूळ छापावरून ठशामागून ठसे निघू लागले आणि एक ठसा दुसऱ्यासारखाच दिसू लागला. इतक्या एकसारख्या नाण्यांत एखाद्या ठशाला केसभर तडा गेला तरी तो डोळ्यांत भरतो.

या सारखेपणातच १८६२चा गुंता झाला. पूर्वी सराफ जुन्या सालच्या रुपयावर बट्टा कापत, म्हणजे त्याची किंमत कमी धरत. ‘नावाला बट्टा लागला’ हे आपण म्हणतो, तो बट्टा याच व्यवहारातला. बंगालमध्ये कंपनीने त्यावर उपाय म्हणून मुघल बादशहा शाह आलमचं १९वं राज्यवर्ष गोठवलं आणि पुढे कितीतरी वर्षं नाण्यावर तेच साल ठेवलं. सवय लागली ती लागलीच. १८४० सालचा रुपया १८४० उलटून गेल्यावरही त्याच सालाने पडत राहिला. १८६२चा रुपया तर १८७४पर्यंत. मग मुंबईच्या टांकसाळीतल्या रुपयांवर तारखेच्या वर किंवा खाली बारीक ठिपके दिसू लागले. कुठे एक, कुठे दोन, कुठे त्याहून जास्त. नाणं खरं कोणत्या वर्षी पडलं, हे त्या ठिपक्यांवरून कळतं असं मानून संग्राहक ‘वर इतके, खाली इतके’ अशी नोंद ठेवतात.

साल गोठवण्याचा हा निर्णय मला आजही खटकतो. बारा वर्षांच्या नाण्यांवर एकच साल टाकलं आणि खरं साल टाचणीच्या टोकाएवढ्या खुणेच्या भरवशावर सोडून दिलं. त्यातही खूण निवडली ती नेमकी ठिपक्याची, म्हणजे ठसा जिथे टवका सोडतो त्याच रूपाची! फूल, रेघ, अक्षर काहीही चाललं असतं. पुढच्या दीडशे वर्षांची डोकेफोड वाचली असती.

दोन्ही ओळखता येतात, नाही असं नाही. मुद्दाम दिलेला ठिपका ठशात हत्याराने ठोकलेला असतो, म्हणून नाण्यावर तो गोल उठतो आणि त्याची कड साफ असते. वेगवेगळ्या ठशांच्या नाण्यांवरही तो साधारण ठरलेल्या जागी येतो. टवक्याला असली शिस्त नसते. तो ओबडधोबड असतो, बऱ्याचदा आकड्याला किंवा अक्षराला चिकटलेला असतो आणि एकाच ठशाच्या नाण्यांवर वाढत गेलेला दिसतो. माझ्याकडे १८६२चा एक रुपया आहे, विकणाऱ्याने ‘खाली एक ठिपका’ म्हणून दिलेला. दहा पटीच्या भिंगाखाली धरला तेव्हा ६चं पोट भरलेलं दिसलं. खालच्या ‘ठिपक्या’ला शेपूट होती आणि ती थेट ६च्या बुडाला जाऊन भिडत होती. तारखेच्याच बाजूला काठापासून निघालेली एक बारीक रेघही होती. काही महिन्यांनी तशीच रेघ असलेला दुसरा रुपया हाती आला. रेघेचं वळण तेच, लांबी निम्मी. त्यावर ६चं पोट मोकळं होतं आणि खाली काहीच नव्हतं. ठसा एकच, फक्त दुसरा रुपया आधी पडलेला. सालाचा तिथे काही संबंध नव्हता.

अशा नाण्याला काय म्हणायचं, यावर मात्र एकमत नाही. काही याद्यांत टवक्यालाही ‘व्हरायटी’ म्हणून वेगळा क्रमांक मिळालाय. मला ते पटत नाही. ठसा तयार होतानाच त्यात जो फरक राहिला, ती व्हरायटी: दुहेरी उठलेलं अक्षर, वेगळा मुखवटा, एकावर एक ठोकलेला आकडा. ठसा वापरताना त्याला जे झालं, ती त्याची अवस्था. आणि एखादी चकती वाकडी बसली किंवा छाप सरकली, तर ती त्या एका नाण्याची चूक, म्हणजे एरर. मराठीत घोळ आणखी वाढतो, कारण ‘ठसा’ हा शब्द आपण हत्यारालाही वापरतो आणि नाण्यावर उठलेल्या छापेलाही. ‘ठसा तुटलाय’ म्हटलं की नक्की काय तुटलं हे विचारावंच लागतं. काठाजवळ ठशाचा तुकडा उडून नाण्यावर जो गुळगुळीत फुगवटा येतो, त्याला इंग्रजीत ‘कड’ (cud) म्हणतात. आपल्याकडे कड म्हणजे काठ. त्यामुळे काठाला कुठे चेचलेलं नाणंही आता ‘कड एरर’ म्हणून विकायला येतं.

स्वातंत्र्यानंतर ठशांवरचा ताण वाढला तो पोलादामुळे. १९८८पासून लहान नाणी आणि १९९२पासून रुपया स्टेनलेस स्टीलचा झाला. चकती कठीण झाली, की ठसा लवकर थकतो. तडे, टवके आणि चकती न येताच दोन ठसे एकमेकांवर आपटल्याच्या सावल्या या नाण्यांवर शोधल्या तर सापडतात. आपटल्याची खूण घासून काढायला जावं, तर खरा तपशीलच पुसला जातो. अमेरिकेतल्या १९३७च्या पाच सेंटच्या नाण्यावरच्या तीन पायांच्या बायसनची गोष्ट हीच: ठसा घासताना त्याचा एक पाय पुसला गेला.

ठिपक्याचा गोंधळही परत आला. आताच्या नाण्यांवर सालाखाली टांकसाळीची खूण असते. मुंबईची खूण शंकरपाळ्याच्या आकाराची, हैदराबादची चांदणी, कोलकात्याची काहीच नाही. १९८८मध्ये नोएडाची टांकसाळ सुरू झाली आणि तिला खूण मिळाली ती सालाखालचा गोल ठिपका! कोलकात्याच्या नाण्यावर सालाखाली टवका उठला, की ते नोएडाचं ठरतं. नोएडाच्या ठशातला ठिपका वंगणाने बुजला, की ते कोलकात्याचं.

गेल्या काही वर्षांत मोबाइलवरच्या व्हिडिओंनी या सगळ्याला लाखांचे भाव लावले. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आपल्या नावाने चालणाऱ्या फसवणुकीबद्दल मध्यवर्ती बँकेला २०२१मध्ये लोकांना सावध करावं लागलं. रुळावर चेपलेली, पकडीत दाबलेली, ओरखडलेली नाणी ‘डाय क्रॅक’ म्हणून खपवली जातात. खात्री करायला नख पुरतं. ठशाचा तडा नाण्यावर उंच उठतो, ओरखडा खाली जातो.

माझ्या डबीत कणसांचे तीन स्टीलचे रुपये आहेत, तिन्ही सुट्या पैशांत आलेले, एकाच ठशाचे. पहिल्यावर काठापासून निघालेली केसासारखी रेघ आहे. दुसऱ्यावर ती कणसाच्या टोकापलीकडे जाऊन वळून पुन्हा काठाला मिळाली आहे. तिसऱ्यावर तेवढ्या भागात कणीस नाहीच, नुसता गुळगुळीत फुगवटा आहे. नाणं उलटलं, तर बरोबर त्याच जागी मागची छापही फिकी आहे, कारण तिथला धातू समोरच्या खड्ड्यात गेला.