बोटीच्या पारदर्शक पडद्याला काचेचा स्प्रे मारू नका
नाशिकला गंगापूर धरणावर बोटींचा विषय निघाला की एक सल्ला हमखास मिळतो, कॅनव्हास कव्हरच्या पारदर्शक खिडक्या काच पुसायच्या स्प्रेने नि जुन्या पेपरने घासा, चकाचक होतात. अहो, पण ती काच नाहीये! ते मऊ पीव्हीसी आहे, त्यात लवचिकपणासाठी प्लास्टिसायझर मिसळलेलं असतं आणि स्प्रेमधला अमोनिया किंवा अल्कोहोल नेमकं त्यालाच मारक, म्हणजे शीट हळूहळू कडक होते, धुरकट दिसते, शेवटी तडकते. पहिल्या दिवशी चमकतं म्हणून लोकांना पटतं, सगळा घोळ तिथेच आहे. आणि कोरडा पेपर तर नकोच नको, उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठाची धूळ उडून शीटवर बसते, ती घासली की ओरखडे कायमचे. आधी भरपूर साधं पाणी ओता, मग सौम्य साबण, मऊ सुती कपडा, बास. घडी घालू नका, मध्ये कापड ठेवून गुंडाळा, तेही थंडीत ऊन पडल्यावरच, पहाटे शीट ताठ असते. नवीन बसवताय? पॉलिश केलेली ०.७५ ते १ मिमी जाडीची शीट घ्या आणि शिलाईला पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉनचा धागाच मागा, महाग पडतो पण उन्हाने कुजत नाही.