नगरसेवकपदासाठी ‘आपला माणूस’ ठरवताय? आधी त्याचे कागद पाहा

प्रभागाच्या आरक्षणाची सोडत निघाली की सोसायटीच्या पार्किंगमध्ये, बागेतल्या बाकांवर, दुधाच्या रांगेत एकच विषय असतो. या वेळी कोण? मग कुणीतरी म्हणतं, पक्षांची वाट कशाला बघायची, आपल्यातलाच कुणी उभा करू या. नावं निघतात. पाण्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा करणारे निवृत्त इंजिनिअर, शाळेच्या पालक संघातल्या ताई, नाल्याचे फोटो काढून तक्रारी नोंदवणारा तरुण. माणूस सरळ आहे का, वेळ देईल का, चार लोकांत बोलू शकेल का, यावर तास-तास वाद चालतो. त्याचा अर्ज छाननीत टिकेल का, हे मात्र सगळ्यात शेवटी विचारलं जातं. खरं तर तो पहिला प्रश्न हवा.

हे मी अनुभवानं सांगतो. २०१७ च्या निवडणुकीत आमच्या भागातल्या लोकांनी मिळून एका निवृत्त शिक्षिकेला उभं करायचं ठरवलं. बाईंचे स्वतःचे कागद चोख होते. अर्जावर सही करणारे सूचक मात्र रस्त्यापलीकडच्या इमारतीत राहणारे निघाले, आणि नव्या प्रभागरचनेत तो रस्ताच हद्द झाला होता. ते दुसऱ्या प्रभागाचे मतदार ठरले आणि बाईंचा अर्ज बाद झाला. दोन महिन्यांची मेहनत एका सहीवर गेली. त्यात अधिकाऱ्यांची चूक नव्हती, आम्ही यादी पाहिली नव्हती. तेव्हापासून कुणी नाव सुचवलं की मी आधी मतदार यादी मागतो.

खाली दिलेली माहिती महाराष्ट्रातल्या महानगरपालिकांची आहे. मुंबईला १८८८ चा मुंबई महानगरपालिका अधिनियम लागू आहे, बाकी शहरांना १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम. निवडणूक घेतो तो राज्य निवडणूक आयोग. लोकसभा-विधानसभा घेणारा भारत निवडणूक आयोग वेगळा. ही दोन कार्यालयं एक समजून लोक चुकीच्या दारात उभे राहतात, म्हणून आधीच सांगितलं.

उभं कोण राहू शकतं

मूळ अटी दोनच आहेत. वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत आणि त्या महानगरपालिकेच्या मतदार यादीत नाव हवं. विधानसभेसाठी २५ वर्षं लागतात, पण राज्यघटनेच्या २४३ व्ही या अनुच्छेदानं शहरांच्या निवडणुकीत २१ पुरेसं ठरवलं आहे.

यादीत नाव शहराच्या कोणत्याही प्रभागात असलं तरी चालतं. उमेदवार कोथरूडचा मतदार असून हडपसरमधून लढू शकतो. सूचक आणि अनुमोदक मात्र ज्या प्रभागातून अर्ज भरायचा त्याच प्रभागाचे मतदार लागतात. आमची चूक इथेच झाली होती.

यादीबद्दल आणखी एक गोष्ट नीट समजून घ्या. राज्य निवडणूक आयोग नवीन नावं नोंदवत नाही. तो विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेला घेतो आणि प्रभागांप्रमाणे तिचे तुकडे करतो. १५ जानेवारी २०२६ ला २९ महानगरपालिकांसाठी मतदान झालं, त्यासाठी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. त्या दिवशी यादीत नसलेल्या माणसाला डिसेंबरात कितीही धावपळ करून उपयोग नव्हता. म्हणून नवीन नावासाठी नमुना ६ आणि पत्ता बदलला असेल तर नमुना ८ हे निवडणुकीची चाहूल लागण्याच्या कितीतरी आधी भरून ठेवा. प्रभागनिहाय प्रारूप यादी प्रसिद्ध झाली की हरकतींसाठी थोडे दिवस मिळतात. इमारतच्या इमारत शेजारच्या प्रभागात गेली असेल तर ते दुरुस्त करून घेण्याची वेळ तीच. उमेदवार, सूचक आणि अनुमोदक, तिघांचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक तेव्हाच वहीत लिहून ठेवा.

कोण अपात्र ठरतं

चांगली माणसं बहुतेक वेळा या टप्प्यावर अडतात, तेही त्यांना कल्पना नसताना.

पहिली अट अपत्यांची. १२ सप्टेंबर २००१ नंतर झालेल्या अपत्यामुळे मुलांची संख्या दोनपेक्षा जास्त झाली असेल तर उभं राहता येत नाही. त्याआधीच तीन मुलं असतील आणि नंतर भर पडली नसेल तर अडचण नाही. एका मुलानंतरच्या बाळंतपणात जुळं झालं तर ते एकच धरलं जातं. मूल दत्तक दिलं म्हणून सुटका होत नाही. ओडिशातल्या एका सरपंचाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं. हा प्रश्न विचारताना संकोच वाटतो, पण नाव पक्कं करण्याआधी मोकळेपणानं विचारा. छाननीच्या टेबलावर विरोधकांनी विचारण्यापेक्षा ते बरं.

दुसरी अट ठेक्याची. महापालिकेच्या कोणत्याही कंत्राटात स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर माणूस अपात्र ठरतो. आपल्या ओळखीतला एखादा सरळमार्गी उद्योजक पालिकेला काही पुरवत असेल आणि ते तो विसरूनही गेला असेल, असं घडतं. महापालिकेच्या नोकरीत असलेल्यालाही उभं राहता येत नाही.

तिसरी गोष्ट थकबाकीची. मिळकतकर किंवा पाणीपट्टी थकली असेल आणि महापालिकेनं रीतसर नोटीस देऊनही भरली नसेल तर ते अंगाशी येतं. घर आईच्या नावावर आहे, दुकान भावाच्या नावावर आहे, म्हणून निर्धास्त राहू नका. उमेदवाराचा संबंध असलेल्या सगळ्या मिळकतींच्या पावत्या काढा.

गुन्ह्यात शिक्षा, दिवाळखोरी, मानसिक अस्वस्थतेबाबतचा न्यायालयाचा निर्णय या बाबी कायद्यात आहेतच. अनधिकृत बांधकामाचं कलम मात्र लोकांच्या लक्षात नसतं. नगरसेवकानं स्वतः, जोडीदारानं किंवा अवलंबून असलेल्या व्यक्तीनं बेकायदा बांधकाम केलं असेल तर निवडून आल्यावरही पद जाऊ शकतं. बंद केलेली बाल्कनी आणि गच्चीवरची वाढीव खोली या नजरेनं एकदा पाहून घ्या.

आरक्षण आणि जातवैधता

मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडला जातो, असे २२७ प्रभाग आहेत. पुण्यासारख्या शहरांत एका प्रभागात साधारण चार जागा असतात: अ, ब, क आणि ड. कुठली जागा अनुसूचित जातीसाठी, कुठली जमातीसाठी, कुठली नागरिकांच्या मागास प्रवर्गासाठी (म्हणजे ओबीसी, भटके-विमुक्त वगैरे) आणि त्यांतली कुठली महिलांसाठी, हे सोडतीत ठरतं. निम्म्या जागा महिलांच्या असतात. ‘आमचा प्रभाग महिला झाला’ असं लोक बोलतात, पण चार सदस्यांच्या प्रभागात ते अर्धवट बोलणं आहे. आरक्षण प्रभागाला नसतं, जागेला असतं. आपला उमेदवार कोणत्या अक्षराच्या जागेवर बसतो ते आधी ठरवा. सर्वसाधारण जागेवर महिला आणि मागासवर्गीय उमेदवारही लढू शकतात.

राखीव जागेसाठी जात प्रमाणपत्र आणि पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र, दोन्ही लागतात. वैधता हातात नसेल तर समितीकडे अर्ज केल्याचा पुरावा आणि निवडून आल्यावर दिलेल्या मुदतीत, बहुधा सहा महिन्यांत, प्रमाणपत्र देण्याचं हमीपत्र जोडण्याची सवलत दिली जाते. ती त्या निवडणुकीला आहे की नाही हे आयोगाच्या आदेशात तपासा आणि तिच्या भरवशावर राहू नका. मुदत चुकली म्हणून कोल्हापुरातल्या नगरसेवकांची पदं गेली, आणि ही मुदत बंधनकारक आहे यावर सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१८ मध्ये शिक्कामोर्तब केलं.

वैधतेसाठी जुने पुरावे शोधण्यातच महिने जातात. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांना कुटुंबाचं राज्यात वास्तव्य दाखवावं लागतं. आजोबांचा शाळेचा दाखला, गावचा सातबारा, जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, जे मिळेल ते जमवायला लागा. लग्न झालेल्या स्त्रीची जात माहेरची धरली जाते, त्यामुळे कागद वडिलांकडचे लागतात आणि नावातला बदल दाखवायला विवाह नोंदणीचा दाखला. माहेर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर हे काम वाढतं. प्रभागात उत्तम काम करणाऱ्या किती बाया फक्त या एका कागदापायी मागे राहतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुमच्या भागात अशी कुणी असेल तर तिच्यासोबत जाऊन ती फाईल आजच पूर्ण करा.

अर्जासोबत काय लागतं

अर्ज आणि त्यासोबतची कागदपत्रं निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात मिळतात. एका अधिकाऱ्याकडे सहसा काही प्रभाग असतात आणि त्याचं कार्यालय क्षेत्रीय किंवा विभाग कार्यालयाच्या आसपास असतं. २०१७ मध्ये अर्ज संगणकावर भरून छापील प्रत सही करून द्यायची होती. डिसेंबर २०२५ मध्ये मात्र अर्ज कागदावरच घेतले गेले. पद्धत अशी बदलते, म्हणून जाहीर सूचना शब्दन् शब्द वाचा.

मतदार यादीच्या पानाची प्रत, वयाचा पुरावा, छायाचित्रं, थकबाकी नसल्याचा दाखला, ठेकेदार नसल्याचा दाखला, शौचालय वापराचं प्रमाणपत्र किंवा स्वयंघोषणापत्र, अपत्यांबाबतचं घोषणापत्र आणि राखीव जागा असेल तर जातीचे कागद, हा नेहमीचा संच. दाखले महापालिकेच्या वेगवेगळ्या खात्यांकडून येतात. निवडणुकीच्या काळात बऱ्याच ठिकाणी एक खिडकी सुरू होते, पण तिथेही गर्दी असतेच. निवडणुकीच्या खर्चासाठी वेगळं बँक खातं अर्ज भरण्याआधी उघडायचं.

अनामत रक्कम ५,००० रुपये, महिला आणि मागासवर्गीय उमेदवारांना २,५०० रुपये. मागासवर्गीय उमेदवार सर्वसाधारण जागेवर लढत असेल तरी सवलतीसाठी जातीचा दाखला जोडावा लागतो.

सगळ्यात काळजीनं भरायचं ते शपथपत्र. गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण हे सगळं त्यात येतं. २००२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं उमेदवाराची ही माहिती मिळणं हा मतदाराचा हक्क ठरला. एकही रकाना कोरा ठेवू नका. माहिती नसेल तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असं लिहा. कोरा रकाना अर्ज फेटाळण्याचं कारण होऊ शकतो, हे २०१३ च्या निकालात न्यायालयानं सांगितलं आहे. आंदोलनात दाखल झालेला गुन्हाही लिहायचा. ‘तो काय गुन्हा आहे का’ म्हणून कार्यकर्ते तो गाळतात. गुन्ह्यांची माहिती दडवणं हा भ्रष्ट प्रकार ठरतो, असा निकाल २०१५ मध्ये तामिळनाडूतल्या एका स्थानिक निवडणुकीच्या प्रकरणातच लागला.

पक्षाकडून लढायचं तर ‘एबी फॉर्म’ लागतो. ए फॉर्मवर पक्षानं तिकीट वाटायचा अधिकार कुणाला दिला ते असतं, बी फॉर्मवर उमेदवाराचं नाव. तो अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी ठरलेल्या वेळेआधी अधिकाऱ्याकडे पोहोचला नाही तर माणूस अपक्ष धरला जातो, आणि पक्ष तो शेवटच्या तासापर्यंत हातात ठेवतात. अपक्षानं मुक्त चिन्हांच्या यादीतून पसंतीक्रम द्यायचा.

तारखा किती भराभर पळतात

निवडणूक १५ डिसेंबर २०२५ ला जाहीर झाली. अर्ज २३ ते ३० डिसेंबर. छाननी ३१ डिसेंबरला. माघारीची शेवटची तारीख २ जानेवारी, चिन्हवाटप ३ जानेवारी, मतदान १५ जानेवारी, मोजणी १६ ला. घोषणेपासून अर्जाच्या शेवटच्या दिवसापर्यंत जेमतेम दोन आठवडे, त्यात नाताळची सुट्टी. एवढ्या दिवसांत उमेदवार ठरवणं आणि कागद जमवणं दोन्ही होत नाही. एखादी जागा रिकामी झाली तर पोटनिवडणूक मधेच लागते, तेव्हाही वेळ असाच तोकडा असतो.

छाननीला उमेदवारानं स्वतः हजर राहावं, सोबत कायदा जाणणारा कुणीतरी आणि मूळ कागदांची फाईल घ्यावी. किरकोळ लेखनचुकीवरून अर्ज बाद होऊ नये अशी अपेक्षा असते, पण सूचक दुसऱ्या प्रभागाचा असणं ही किरकोळ चूक नव्हे. अर्ज बाद झाला तर निवडणूक सुरू असताना न्यायालयात फारसं काही हाती लागत नाही, कारण अनुच्छेद २४३ झेडजी ती वाट अडवतो. उरते ती निकालानंतरची निवडणूक याचिका, आणि ती दहा दिवसांत दाखल करावी लागते.

अर्ज मंजूर झाल्यावर रहिवाशांना एक काम उरतं, जे फार थोडे लोक करतात. सगळ्या उमेदवारांची शपथपत्रं पाहायला मिळतात, ती वाचा. आपल्या उमेदवाराचंही वाचा. कट्ट्यावरच्या वादाला त्यामुळे खरा आधार मिळतो.

खर्च

२०२५ मध्ये मर्यादा वाढल्या. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या अ वर्गाच्या महापालिकांत १५ लाख, ब वर्गात १३, क वर्गात ११ आणि ड वर्गात ९ लाख रुपये. सोसायट्यांनी वर्गणी काढून उभा केलेला उमेदवार त्याच्या आसपासही जात नाही, तरी हिशेब त्याला चुकत नाही. निकालानंतर ३० दिवसांत तो द्यावाच लागतो, पडलेल्यालाही. दिला नाही तर आयोग तीन वर्षांपर्यंत निवडणूक लढवायला बंदी घालू शकतो. हरल्यावर सगळे घरी जातात आणि मंडपवाल्याचं, छापखान्याचं, रिक्षाच्या भोंग्याचं बिल कुणाच्या तरी खिशात राहून जातं. म्हणून अर्ज भरण्याच्या दिवशीच बिलं सांभाळायला एक माणूस नेमा, आणि तो उमेदवार सोडून दुसरा कुणीतरी असू द्या.